सफाईचा धंदा आत्ता सुरू करावा की थांबावं? पाटणा आणि पुण्याचा जुना हिशेब

गेल्या काही महिन्यांत तीन वेगवेगळ्या तरुणांनी मला जवळजवळ एकच प्रश्न विचारला. एक पुण्याच्या कंपनीतून कपातीत गावी परतलेला. दुसऱ्याची पाच एकर कोरडवाहू, सोयाबीनच्या भावाने बेजार. तिसरा मंडप-डेकोरेशनवाला, लग्नसराई संपली की हात रिकामे. तिघांनाही सफाईची कामं घ्यायची आहेत. दवाखाने, बँकेच्या शाखा, मंगल कार्यालयं, नव्या सोसायट्यांचे जिने, पाण्याच्या टाक्या. आणि तिघांचंही घोडं एकाच जागी अडलंय. "भाऊ, सध्या कशाचंच काही खरं नाही. आत्ता उडी मारू की जरा थांबू?"

मी बातमीदार माणूस, धंद्याचा सल्लागार नव्हे. पण हा प्रश्न आपल्या देशात आजच पहिल्यांदा आलेला नाही. यापेक्षा वाईट दिवसांत लोकांनी सफाईचं काम उभं केलं, आणि त्यांनी सुरुवात नेमकी कधी व कशाच्या भरवशावर केली, हे आपल्याला माहीत आहे. म्हणून सल्ला देण्याऐवजी इतिहास सांगतो. पोस्ट लांबणार आहे, सवडीने वाचा.

आधी एक गैरसमज बाजूला करू. "घाण काही कमी होत नाही, त्यामुळे सफाईला मंदी नाही" असं सगळेच म्हणतात. अर्धं खरं आहे. संकटात सफाईची गरज वाढते, पण म्हणून काम करणाऱ्याच्या हातात पैसा येतोच असं नाही.

सप्टेंबर १८९६. मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. पुढच्या चार-पाच महिन्यांत लाखो लोक शहर सोडून पळाले. त्या वेळी पालिकेला एक मोठी धास्ती होती. झाडूवाले आणि मैला वाहणारे हलालखोरही गेले तर? ते गेले असते तर शहर आठवड्याभरात राहण्याजोगं उरलं नसतं. म्हणजे मागणी किती होती बघा. पण भाव मागायची मुभा नव्हती. मुंबईत १८९० पासून कायदाच होता, की पालिकेच्या सफाई कामगाराने नोटीस न देता काम सोडलं तर तो गुन्हा. गिरणी कामगार पळाला तर त्याचा पगार बुडायचा, सफाई कामगार पळाला तर त्याला शिक्षा व्हायची.

यामागचं कारण आपल्याला ठाऊक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते स्पष्ट मांडलंय. या देशात माणूस काम करतो म्हणून भंगी ठरत नाही, जन्माने ठरतो, मग ते काम तो करो वा न करो. जे काम जन्माने लादलं गेलं त्याला बाजारभाव कुठून येणार? आजही सफाईचं टेंडर सर्वात खालच्या दराला जातं, त्याचं मूळ इथे आहे. "हे काम करायला माणसं मिळतातच" हे आपण गृहीत धरलेलं असतं.

दुसरं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचं. २०२० चा लॉकडाऊन. पाठीवर पंप, अंगात पांढरा सूट, हायपोक्लोराइटची फवारणी. आमच्या तालुक्याच्या गावातसुद्धा दोन-तीन महिन्यांत सॅनिटायझेशनवाल्यांचे बोर्ड लागले. कोणी फवारणीचे पंप घेतले, कोणी टेम्पो घेतला, तोही हप्त्याने. त्या वेळी वाटत होतं, सफाईच्या धंद्याला यापेक्षा चांगला मुहूर्त मिळणार नाही. पण १८ एप्रिल २०२० रोजीच केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने माणसांवर फवारणी करू नका असं सांगितलं होतं. मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनेही रस्त्यांवरची फवारणी उपयोगाची नाही असं म्हटलं. पुढे हवेतून होणाऱ्या संसर्गावर भर आला, भीती ओसरली, आणि पंप अडगळीत गेले. भीतीचं गिऱ्हाईक एकदा येतं, दर महिन्याला येत नाही.

मग दर महिन्याला, दर दिवसाला येणारं गिऱ्हाईक कोणी आणि कसं शोधलं? त्यासाठी बिहारला जाऊ.

बिंदेश्वर पाठक हे नाव बहुतेकांना माहीत नसेल, पण "सुलभ" हा शब्द प्रत्येकाला माहीत आहे. आपल्याकडे एसटी स्टँडवर कुठलंही पैसे देऊन वापरायचं शौचालय असलं की त्याला लोक सुलभच म्हणतात. पाठक १९४३ साली वैशाली भागातल्या ब्राह्मण घरात जन्मले. १९६८ मध्ये ते बिहारच्या गांधी जन्मशताब्दी समितीत कामाला लागले. तिथे भंगीमुक्तीचं काम वाट्याला आलं. बेतिया इथे मैला वाहणाऱ्यांच्या वस्तीत ते जाऊन राहिले. लहानपणी त्या समाजातल्या बाईला हात लावला म्हणून आजीने गोमूत्र-शेण खायला लावलं होतं, हे ते पुढे जन्मभर सांगत राहिले.

१९७० मध्ये त्यांनी संस्था काढली. दोन शोषखड्ड्यांचं, थोड्या पाण्यात चालणारं स्वस्त शौचालय लोकांच्या घरी बांधून द्यायचं, म्हणजे टोपलीचे संडास बंद होतील आणि मैला उचलायला माणूस लागणार नाही, अशी कल्पना. कल्पना उत्तम, पण काम मिळेना. फायली या टेबलावरून त्या टेबलावर. गावची जमीन विकली, पत्नीचे दागिने विकले, मित्रांकडून उसने घेतले, हे त्यांनीच सांगितलंय. संस्थेचं नाव होतं, नोंदणी होती, पण एक रुपयाचं काम नव्हतं. अशी जवळजवळ तीन वर्षं गेली.

त्या काळात एका सनदी अधिकाऱ्याने त्यांना एक सल्ला दिला. अनुदानावर संस्था चालवू नका, प्रत्येक कामामागे पैसे घ्या आणि त्यातून संस्था चालवा. त्या काळच्या समाजसेवेच्या भाषेत हे जरा कडूच वाटलं असणार. आपल्याकडे कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरीत मैल्याचं खत करणारे साधे संडास आधीच करून दाखवले होते, स्वतः हातात झाडू घेऊन. पण ती सेवा होती, व्रत होतं. व्रत करणारा माणूस गेला की काम थांबण्याचा धोका असतो. पाठकांनी त्याच कामाला दर लावला.

सुरुवात झाली १९७३ मध्ये, आरा नगरपालिकेत. तिथल्या एका अधिकाऱ्याने त्यांना ५०० रुपये दिले, नमुन्याचे दोन संडास बांधून दाखवायला. फक्त दोन. ते चालले. लोकांनी पाहिले, मागणी आली, मग सरकारची परिपत्रकं आली. क्रम लक्षात घ्या. आधी दोन संडास, मग परिपत्रक. परिपत्रकाची वाट बघत बसले असते तर अजून तीन वर्षं गेली असती.

आता १९७४ चं पाटणा डोळ्यांसमोर आणा. तेलाच्या धक्क्यानंतर देशात महागाईचा दर २५ टक्क्यांच्या वर. १८ मार्चला पाटण्यात विद्यार्थ्यांचा विधानसभेला घेराव, गोळीबार. मे महिन्यात देशभर रेल्वेचा संप. ५ जूनला गांधी मैदानावर जयप्रकाशजींची संपूर्ण क्रांतीची हाक. कोणत्याही शहाण्या माणसाने "आत्ता नको, जरा शांत होऊ दे" असंच म्हटलं असतं. त्याच वर्षी, त्याच पाटण्यात, रिझर्व्ह बँकेजवळ पैसे देऊन वापरायचं सार्वजनिक शौचालय सुरू झालं. संडास, न्हाणीघर, मुतारी, आणि चोवीस तास देखरेखीला माणूस. पालिकेचं म्हणणं असं होतं, की जागा आणि बांधकामाचं बघू, पण रोजच्या देखभालीला पैसे मिळणार नाहीत. लोक हसले. उघड्यावर फुकट जाता येतं तिथे संडासाला पैसे कोण देणार, तेही बिहारमध्ये?

पहिल्याच दिवशी सुमारे ५०० लोकांनी वापर केला.

पाठकांचं नशीब चांगलं होतं असं म्हणून सोडून देऊ नका. शहरात परगावचे लोक येत होते, कचेऱ्या, कोर्ट, स्टेशन. बायकांना आडोसा नव्हता. गरज रोजची होती, महागाईने ती कमी होणार नव्हती, आणि प्रत्येकाने द्यायची रक्कम इतकी छोटी होती की खिशाला लागत नव्हती. सर्वात मोठी गोष्ट म्हणजे पैसा वापरणाऱ्याच्या हातातून थेट येत होता, रोख, त्याच दिवशी. पालिकेचं बिल मंजूर व्हायची वाट बघायची नव्हती. सरकार डळमळत होतं, पुढच्याच वर्षी आणीबाणी आली, पण गल्ला रोज भरत होता. देखभालीला पैसे देणार नाही ही पालिकेची अटच एका अर्थी पथ्यावर पडली.

पुढे सुलभ देशभर पसरलं, पाठकांना १९९१ मध्ये पद्मभूषण मिळालं, १५ ऑगस्ट २०२३ रोजी ते गेले. संस्थेच्या कामाबद्दल वेगवेगळी मतं असू शकतात. पण सुरुवात कधी करावी या प्रश्नाचं त्यांचं उत्तर स्वच्छ आहे. नोंदणी १९७० ची, पण खरा आरंभ १९७३ चा, ज्या दिवशी कोणीतरी ५०० रुपये मोजले.

दुसरी गोष्ट घरातली, पुण्याची. आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण इथे धंदा उभा करणाऱ्या बायका त्याच होत्या ज्यांच्यावर हे काम पिढ्यान् पिढ्या लादलं गेलं होतं.

पुण्यात उकिरड्यावरून कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या, बहुतांश दलित समाजातल्या बायका. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून लक्ष्मी नारायणन आणि पूर्णिमा चिकरमाने त्यांच्यापर्यंत पोहोचल्या. साधा विचार होता. कुंडीत हात घालण्यापेक्षा लोकांच्या दारातूनच वेगळा केलेला कचरा मिळाला तर? काही बायकांना अशी दारं मिळालीही. तेवढ्यात एका खासगी ठेकेदाराने गाडी लावून घरोघरचा कचरा उचलायचा घाट घातला. म्हणजे ज्या दिवशी या बायकांना कामाची जरा बरी वाट दिसली, त्याच दिवशी गाडीवाला दारात हजर. त्यांनी विरोध केला. मे १९९३ मध्ये मेळावा भरला, डॉ. बाबा आढाव पाठीशी उभे राहिले, आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत जन्माला आली.

लगेच संस्था काढून पालिकेचा ठेका घेतला का? नाही. पुढची पंधरा वर्षं संघटना बांधण्यात गेली. पालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रं मिळवली, विम्याची तजवीज केली, बचतीचं काम केलं. मग २००० साली केंद्राचे घनकचरा नियम आले आणि घरोघरी जाऊन कचरा गोळा करणं पालिकांवर बंधनकारक झालं. आता गरज पालिकेला होती. आधी छोट्या प्रमाणात काही भागांत करून पाहिलं, २००७ मध्ये "स्वच्छ" ही सहकारी संस्था नोंदली, आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेशी पाच वर्षांचा करार झाला.

करारातली रचना नीट समजून घ्या. पालिकेने साधनं, शेड आणि व्यवस्थापनाचा काही खर्च द्यायचा. पगार मात्र पालिका देणार नाही. प्रत्येक घराने महिन्याला थोडं शुल्क द्यायचं, सुरुवातीच्या काळात ते १० ते ३० रुपयांच्या घरात होतं. शिवाय वेचलेलं भंगार विकायचा हक्क बाईचा. म्हणजे एकाच कामाचे दोन पैसे.

आणि वेळ कोणती होती? २००८. सप्टेंबरमध्ये अमेरिकेत लेहमन बँक बुडाली आणि त्या वर्षाच्या अखेरीला जगभर भंगाराचे भाव कोसळले. पत्रा, पुठ्ठा, प्लास्टिक, सगळंच. फक्त भंगारावर जगणाऱ्या बाईचं उत्पन्न काही आठवड्यांत खाली आलं. जिच्याकडे घरांचं शुल्क होतं तिला निदान तेवढा आधार राहिला, कारण लेहमन बुडाली म्हणून सदाशिव पेठेतल्या घरातला कचरा थांबत नाही. २०२० मध्ये शहर कड्या लावून बसलं तेव्हाही या बायका कामावर होत्या. आज "स्वच्छ"मध्ये तीन हजारांहून अधिक सभासद आहेत. करार संपत आला की मुदतवाढीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो, ठेकेदाराच्या गाड्यांची चर्चा पुन्हा सुरू होते, हेही खरं. पण दारातला तो महिन्याचा पैसा त्यांनी स्वतः कमावलेला आहे.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. पाटणा १९७४, पुणे २००८. दोन्ही वेळा काळ वाईट होता आणि दोन्ही वेळा त्याने फार बिघडलं नाही. कारण दोन्हीकडे सुरुवात तीन गोष्टी जुळल्यावर झाली. काम छोट्या प्रमाणात आधी करून पाहिलेलं होतं. गरज रोजची किंवा दर महिन्याची होती. आणि वापरणारा स्वतः, थेट, थोडे थोडे पैसे देत होता.

म्हणून त्या तिघांना मी जे सांगितलं ते इथेही लिहितो. बाजार कधी सुधारेल हे विचारू नका. "मला महिन्याच्या महिन्याला पैसे देणारी पाच गिऱ्हाइकं आहेत का?" हे विचारा. दोन दवाखाने, एक मंगल कार्यालय, दोन सोसायट्या. ही पाच तोंडी नाही, कागदावर असतील तर उद्या सुरू करा, मंदी असो की काही असो. ती नसतील तर तेजीतही थांबा. तोवर हातातलं काम सोडू नका. रविवारी एक जिना धुवून दाखवा, तोच तुमचा आरा नगरपालिकेतला नमुना.

नगरपालिकेचं किंवा सरकारी कचेरीचं मोठं काम पहिलंच काम म्हणून घेऊ नका. काम मिळतं, पण बिल चार-सहा महिने अडकतं आणि पगार मात्र एक तारखेला द्यावा लागतो. छोटा धंदा बहुतेक वेळा इथेच मरतो, काम नाही म्हणून नाही. उद्यम नोंदणी फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. २००६ च्या कायद्याने नोंदणीकृत सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत देणं बंधनकारक आहे. पण एकुलत्या एका गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करायची छाती किती जणांची होते? म्हणून गिऱ्हाइकं अनेक हवीत, आणि निदान तीन महिन्यांचे पगार हाताशी हवेत.

ज्यांच्या घरात हे काम पिढीजात आहे त्यांच्यासाठी वेगळं सांगतो. तुम्हाला कामाचा अनुभव सगळ्यांपेक्षा जास्त आहे, फक्त ठेका आजवर दुसऱ्याच्या नावावर राहिला. राष्ट्रीय सफाई कर्मचारी वित्त आणि विकास महामंडळ १९९७ पासून आहे, कर्जाच्या योजना आहेत. चार घरं मिळून संस्था काढा. पुण्याच्या बायकांना हे जमलं, तेव्हा त्यातल्या बहुतेक जणींना सही करता येत नव्हती.

आणि सगळ्यांसाठी एक अट, ज्यात मागेपुढे बघायचं नाही. सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायचा नाही. दर कितीही चांगला असो, मालक कितीही घाई करो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय तिथे माणूस उतरवणं गुन्हा आहे. गटारात गेलेल्या माणसाच्या कुटुंबाला द्यायची भरपाई सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये १० लाख ठरवली होती, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. रक्कम वाढवावी लागली याचा अर्थ माणसं अजून मरताहेत. मशीन भाड्याने मिळत नसेल तर ते काम सोडून द्या.

तसंच दर पाडून काम घेऊ नका. तुम्ही दोन रुपये कमी सांगता तेव्हा ते दोन रुपये झाडू मारणाऱ्या बाईच्या पगारातूनच जातात, दुसरीकडून यायला जागाच नसते. कोटेशन लिहिताना आधी किमान वेतन लिहा, मग फिनेल-पावडर, मग स्वतःचा नफा. या क्रमाने बेरीज करून जो आकडा येईल तो सांगा. गिऱ्हाईक नाही म्हणालं तर पुढच्या दारात जा.

मंडपवाल्या दोस्ताकडे सध्या दोन गिऱ्हाइकं झालीत. तीन बाकी आहेत. आपल्या गावात कोणाच्या दवाखान्याला, कार्यालयाला माणूस हवा असेल तर मला कळवा, मी त्याला निरोप देतो. दर मात्र तो वर सांगितल्याप्रमाणेच लावणार आहे.